साखर स्वस्त कोणासाठीं?

साखरेचा भाव किलोमागें दोन-तीन रुपयांनीं चढला कीं सरकारास गरिबाची आठवण होते. एरवीं ज्याची वर्ष वर्ष विचारपूस नाहीं, त्या गरिबाच्या चहाच्या कपाविषयीं दिल्लीस एकाएकीं कळवळा उत्पन्न होतो आणि हुकूम सुटूं लागतात: साखर परदेशीं पाठवूं नका, गोदामांतील साठा कळवा, ह्या महिन्यांत इतकीच साखर विका, उसाच्या रसाचें इथेनॉल करूं नका. साखर महाग होऊं नये ही गोष्ट वाईट नाहीं. ज्या घरांत हें पत्र वाचलें जातें त्यांपैकीं निम्मीं घरें ऊस लावणारांचीं, तोडणारांचीं किंवा दुसऱ्याच्या बांधावर राबणारांचीं आहेत. आणि निम्मीं सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चांभार अशा कसबी लोकांचीं आहेत, जीं साखर पुडींत बांधून आणतात. एकास साखर स्वस्त पाहिजे, दुसऱ्यास उसाचा भाव पाहिजे, आणि सरकार म्हणतें कीं आम्ही दोघांचेंही पाहतों. तें कसें पाहतें याचा हिशेब आज आम्हांस मांडावयाचा आहे. चौथीच्या मुलास समजेल इतका तो सोपा आहे. कठीण केला आहे तो मधल्या मंडळींनीं.

प्रथम कसबी घर घेऊं. नवरा-बायको, दोन-तीन मुलें आणि म्हातारी आई. दोन वेळचा चहा, सणावारास कांहीं गोडधोड, आल्यागेल्याचा पाहुणचार. महिन्यास चार किलो साखर पुरते. किलोमागें पांच रुपये वाढले तर महिन्याचे वीस रुपये झाले, वर्षाचे दोनशें चाळीस. हातावर पोट असणारास दोनशें चाळीस रुपये थोडे नाहींत, हें आम्ही जाणतों. आतां ऊसवाल्याचें घर घेऊं. एकरीं तीस टन ऊस व शंभर किलो उसास दहा किलो साखरेचा उतारा धरला, तर एका एकरांतून तीन हजार किलो साखर निघते. तेच पांच रुपये येथें पंधरा हजार होतात. हे पंधरा हजार कारखान्याच्या तिजोरींत आले नाहींत म्हणजे पहिला खोळंबा कोणाचा होतो? बँकेचा होत नाहीं, कारण साखर तिच्याकडे तारण असते. संचालकांच्या मोटारींच्या तेलाचा होत नाहीं. खोळंबा होतो तो उसाच्या बिलाचा.

बरें, शेतकऱ्याच्या बिलांतून अडलेले हे रुपये सगळे सुताराच्या घरीं पोंचले असते तरी आम्ही मुकाट्यानें म्हटलें असतें कीं, भावानें भावास दिलें. परंतु साखरेच्या धंद्यांतील मंडळीच सांगतात कीं देशांत खपणाऱ्या साखरेपैकीं साठ टक्क्यांहून अधिक साखर घरांत येतच नाहीं. ती जाते थंड पेयांच्या कारखान्यांत, बिस्किटांत, चॉकलेटांत, मिठाईवाल्याच्या कढईंत. साखर चार रुपयांनीं उतरली म्हणून बाटलीची किंमत उतरलेली कोणीं पाहिली आहे काय? बिस्किटाचा पुडा पांच रुपयांचाच राहतो, फक्त आंतलीं बिस्किटें कमी होतात. म्हणजे गरिबाचें नांव पुढें करून जी स्वस्ताई आणली जाते तिचा मोठा घास बाटलीवाल्यास मिळतो, आणि सुताराच्या पदरांत महिन्याचे वीस रुपये पडतात. सुतारास वाटतें कीं ऊसवाला माजला. ऊसवाल्यास वाटतें कीं गांव आपल्या जिवावर साखर खातो. दोन गरीब भांडत बसतात आणि तिसरा बाटली फोडतो.

आतां उसाच्या भावासाठीं सरकारी कायदा मुळीं लागलाच कां, हें कसबी वाचकांस सांगितलें पाहिजे. कापूस घरांत भरून ठेवतां येतो. ज्वारी कणगींत राहते. ऊस एकदां तोडला कीं त्याचें वजन घटूं लागतें आणि आंतील साखर उतरूं लागते. दुसरे-तिसरे दिवशीं त्याची किंमत पडत जाते. तो फार दूर नेणेंही परवडत नाहीं. बारा महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत पोसलेलें पीक घेऊन शेतकरी एकाच दरवाजाशीं उभा असतो, आणि तो दरवाजा उघडणारा म्हणेल तो भाव. महाराष्ट्रांत तर दोन कारखान्यांमध्यें पंचवीस किलोमीटरांचें हवाई अंतर पाहिजे असा नियम आहे. म्हणजे दुसरा दरवाजा जवळ होऊं नये याची तजवीज सरकारनेंच केली आहे. असा एकतर्फी सौदा असला म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूनें कायदा उभा रहावा लागतो. आमच्या रावेर तालुक्यांतील केळीवाल्यांस ही गोष्ट अधिक फोडून सांगावयास नको. घड कापला कीं तो थांबत नाहीं; व्यापारी बोर्डावरचा भाव एक सांगतो व मळ्यांत देतो दुसरा. जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, परंतु उसासारखा बांधलेला भाव तिला मिळाला नाहीं. म्हणून उसाचा कायदा कसा चालतो तें केळीवाल्यांनींही वाचून ठेवावें. उद्यां आपण मागावयाचें तें काय आणि मागावयाचें नाहीं तें काय, हें त्यांतून कळेल.

ह्या कायद्याचा इतिहास जुना आहे. १९३२ सालीं परदेशी साखरेवर जकात बसवून देशी कारखान्यांस संरक्षण मिळालें आणि तीस-बत्तीस कारखान्यांचे तीन-चार वर्षांत सव्वाशेंच्या वर झाले. संरक्षणाचा पैसा देशांतील खाणाऱ्यानें दिला, नफा कारखानदारानें घेतला, आणि उसाचा भाव मात्र होता तेथेंच राहिला, अशी ओरड झाली. तेव्हां १९३४ चा ऊस कायदा होऊन प्रांतिक सरकारांस उसाचा किमान भाव ठरविण्याचा अधिकार मिळाला. पुढें महायुद्धांत १९४२ पासून साखरेवर नियंत्रण आलें. डिसेंबर १९४७ मध्यें तें उठविलें, साखर भडकली, आणि १९४९ सालीं पुन्हां लादलें. १९६७ पासून अर्धेमुर्धें नियंत्रण आलें: कारखान्यानें शंभरांतील साठ पोतीं सरकारी भावानें रेशनास द्यावीं आणि चाळीस पोतीं खुल्या बाजारांत विकावीं. ही पद्धत त्यांतल्या त्यांत बरी होती, असें आमचें मत आहे. कारण गरिबाची साखर आणि मिठाईवाल्याची साखर हीं दोन पोतीं निदान वेगळीं ओळखूं येत होतीं. दोष एवढाच कीं रेशनच्या साखरेचा तोटा सरकारनें सोसावयाचा तो उसाच्या बिलावर लोटला.

१९७८ चा प्रकार तर प्रत्येक ऊसवाल्यानें तोंडपाठ करावा. त्या वर्षीं देशांत सुमारें ६५ लाख टन साखर झाली होती. ऑगस्टमध्यें जनता सरकारनें सगळें नियंत्रण एकदम उठविलें. साखरेचा भाव कोसळला, कारखान्यांनीं उसाचीं बिलें थकविलीं, कित्येक ठिकाणीं उभा ऊस शेतांत पेटवून द्यावा लागला. शेतकऱ्यानें ऊस सोडला. दुष्काळाची त्यांत भर पडली. १९७९-८० सालीं साखर ३९ लाख टनांवर आली, भाव आभाळास भिडला, आणि डिसेंबर १९७९ मध्यें नियंत्रण परत आलें. पहिल्या वर्षीं शेतकरी मेला, दुसऱ्या वर्षीं खाणारा मेला. नियंत्रण असावें कीं नसावें ह्यावर जे विद्वान् सभांतून भांडतात त्यांनीं हीं दोन वर्षें पहावीं. सरकारनें हात धरला तरी शेतकरी बुडतो आणि हात सोडला तरी बुडतो; कारण दोन्ही वेळां त्याचें बिल हें सर्वांच्या मागून द्यावयाचें देणें असतें. पुढच्याच वर्षीं, नोव्हेंबर १९८० मध्यें, शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें नाशिक जिल्ह्यांत टनास तीनशें रुपये मागितले, तेव्हां केंद्राचा किमान भाव टनास १३० रुपये होता. ह्या दोन आंकड्यांत जें अंतर होतें त्यासाठीं शेतकरी रेल्वेच्या रुळांवर बसले.

आतांची स्थिति पाहूं. २००९ पासून किमान भावाचें नांव बदलून रास्त व किफायतशीर दर असें ठेवलें. त्यालाच सगळे एफआरपी म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामास हा दर सव्वादहा टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनास ३५५० ठरला. साडेनऊ टक्क्यांच्या खालीं उतारा असलेल्या कारखान्यास टनास ३२९० रुपये ५० पैसे. सव्वादहा टक्के उताऱ्यानें एका टनांतून साडेएकशें दोन किलो साखर निघते. तेव्हां एक किलो साखरेंत नुसत्या उसाचे ३४ रुपये ६३ पैसे होतात. मजुरी, वाफ, पोतें, व्याज सगळें निराळें. दुसऱ्या बाजूनें सरकारनें कारखान्याच्या दारचा साखरेचा किमान विक्रीदर जून २०१८ मध्यें किलोस २९ रुपये बांधला आणि फेब्रुवारी २०१९ मध्यें तो ३१ केला. त्या हंगामांत उसाचा दर टनास २७५० होता. त्यानंतर उसाचा दर सहा वेळां वाढला. साखरेचा ३१ चा आंकडा मात्र पुढें पांच-सहा वर्षें खुंटीस टांगलेला राहिला. बाजारांत साखर त्याहून वर विकली जाते हें खरें. गेल्या कांहीं हंगामांत ती कारखान्याच्या दारीं ३५ ते ४० रुपयांच्या दरम्यान राहिली. परंतु उसाचा दर वाढविल्याचा डांगोरा दर वर्षीं पिटावयाचा आणि तो दर ज्या साखरेंतून द्यावयाचा तिचा भाव वर जाऊं लागला कीं दाबावयाचा, ह्यास औदार्य म्हणत नाहींत. लोकांच्या खिशांतून दान करणें हा उद्योग आमच्या देशांत फार जुना आहे.

मळी, चिपाड, वीज आणि इथेनॉल यांचेंही उत्पन्न कारखान्यास असतें. तें लपवून नुसत्या साखरेवर रडणाऱ्या कारखानदारावर आमचा विश्वास नाहीं. परंतु तेंही उत्पन्न सरकारनें एका रात्रींत कसें अडविलें तें पहा. २०२३ चा ऑगस्ट महिना देशांत शंभरांहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा गेला. साखर कमी पडेल ह्या भीतीनें ७ डिसेंबर २०२३ रोजीं रसापासून इथेनॉल करण्यास बंदी झाली. आठवड्याभरांत ती थोडी सैल केली, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुरती उठविली. इथेनॉल करा, करा, म्हणून ज्यांना कर्जें देऊन यंत्रें बसविण्यास लावलें त्यांचींच यंत्रें ऐन गळिताच्या मोसमांत थांबविलीं. निर्यातीचें तेंच. जगांत साखर स्वस्त होती तेव्हां, २०१९-२० सालीं, सरकारनें टनास १०,४४८ रुपये पदरचे घालून साठ लाख टन साखर बाहेर पाठविण्याची योजना केली. जगांत साखर बारा वर्षांतल्या सर्वांत उंच भावावर गेली तेव्हां, २०२३ च्या अखेरीस, आमचें दार बंद होतें. पडत्या भावांत विक आणि चढत्या भावांत घरीं बस, असा सल्ला रावेरच्या बाजारांतला आडत्यासुद्धां कोणास देणार नाहीं. अमेरिकेसारखें श्रीमंत राष्ट्र बाहेरच्या साखरेवर बंधन घालून आपल्या शेतकऱ्यासाठीं घरची साखर मुद्दाम महाग ठेवतें. तें आपल्यास परवडणार नाहीं. परंतु शेतकऱ्यास सांभाळणें हें पाप आहे असें तरी तेथें कोणी समजत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, साखरेचा भाव कांहींही असो, उसाचा दर कायद्यानें बांधलेला आहे, मग शेतकऱ्याचें काय बिघडलें? बिघडतें तें येथें. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस गेल्यापासून चवदा दिवसांच्या आंत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास दरसाल दरशेंकडा पंधरा रुपये व्याज दिलें पाहिजे. कायदा इतका स्वच्छ आहे कीं वाचतांना डोळे भरून येतात. आतां व्यवहार पहा. शेतकऱ्याचा चाळीस टन ऊस गेला. टनास ३२९० दर. त्यांतून तोडणी-वाहतुकीचे सात-आठशें रुपये कारखाना कापून घेतो, राहिले अडीच हजारांच्या आसपास. एकंदर लाख रुपये. ते सहा महिने अडकले तर कायद्यानें साडेसात हजार रुपये व्याज होतें. साडेसात हजार म्हणजे दोन मुलांची पुस्तकें, वह्या, कपडे आणि वर विहिरीच्या मोटारीची दुरुस्ती. आमच्या पाहण्यांत ऊस लावणारीं घरें पुष्कळ आहेत. हें व्याज न मागतां मिळालेलें घर आम्हीं पाहिलेलें नाहीं. उलट त्याच सहा महिन्यांत सोसायटीच्या कर्जाचें व्याज शेतकऱ्यावर चढतच असतें. म्हणजे शेतकरी कारखान्यास बिनव्याजी उसनें देतो आणि स्वतः व्याजानें आणतो.

फेब्रुवारी २०२२ मध्यें महाराष्ट्र सरकारनें हा दर दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांस दिली. केंद्राचा आदेश एकरकमी म्हणतो, राज्य म्हणालें तुकड्यांनीं द्या. राजू शेट्टी त्याविरुद्ध न्यायालयांत गेले आणि मार्च २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. तीन वर्षें गेलीं. तीन वर्षांत खोडव्याचा खोडवा निघून जातो. दुसरी एक गोष्ट फार थोड्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. रंगराजन समितीच्या शिफारशीवरून महाराष्ट्रानें २०१३ सालीं उसाच्या दराचा निराळा कायदा केला. त्याप्रमाणें साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के, किंवा मळी-चिपाडासह सगळ्या उत्पन्नाचा ७० टक्के वांटा उसाचा धरावयाचा आणि तो एफआरपीहून अधिक झाला तर वरची रक्कम शेतकऱ्यास द्यावयाची. दहा टक्के उतारा आणि चाळीस रुपये भाव धरला तर साखरेचा हा वांटा टनास तीन हजार होतो. तो एफआरपीच्या खालींच राहतो, म्हणून आज ह्या कलमानें हातांत कांहीं पडत नाहीं. साखर चांगली चढेल तेव्हांच तें कलम फळास येईल. आणि साखर चढूं लागली कीं दिल्लीचा हुकूम येतो! शेतकऱ्याच्या ताटांत वाढलेलें आणि तोंडाशीं येण्यापूर्वींच उचललेलें असें हें पक्वान्न आहे.

आपल्या खानदेशाकडे पहा. डिसेंबर १९३६ मध्यें आमच्या शेजारीं फैजपूरास काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच. पंडित नेहरू अध्यक्ष होते, आणि शेतकऱ्याचा सारा, खंड, कर्ज आणि शेतमजुराची मजुरी यांविषयीं मोठा कार्यक्रम तेथें मंजूर झाला. त्याच फैजपूरच्या शिवेवर पुढें मधुकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. रावेर-यावलच्या शेतकऱ्यांनीं भाग घेतले, ऊस घातला. तो कारखाना कर्जाखालीं बंद पडला आणि जिल्हा बँकेच्या हातून विकला गेला. चाळीसगांवचा बेलगंगा, कासोद्याचा वसंत, साक्रीकडचा पांझरा-कान, शिरपूरचा शेतकरी कारखाना, यांचीं धुराडीं वर्षानुवर्षें थंड राहिलीं. १९५० च्या सुमारास प्रवरानगरास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना चालू केला, तेव्हां खाजगी शेटच्या तावडींतून सुटण्याची ही वाट आहे असें सगळ्यांस वाटलें, आणि तें खोटें नव्हतें. प्रवरेच्या पाण्यावर शाळा उभ्या राहिल्या, दवाखाने झाले. आमच्याकडे मात्र मालक म्हणविणाऱ्या सभासदाच्या हातीं शेवटीं भागाचा दाखला तेवढा उरला.

येथें आम्हांस एक कडू गोष्ट लिहावी लागते. पूर्वीं आपल्या पक्षाच्या पत्रांतून शेटजीवर आणि भटजीवर बोट ठेवणें सोपें होतें. आज बहुतेक कारखान्यांचा चेअरमन आपलाच, संचालक आपलेच, जिल्हा बँकेंतले आपलेच, आमदार आपलाच. उसाचें बिल थकविणारा परक्या जातीचा नाहीं. तो आपल्याच पंगतीस बसून जेवतो. आपल्या जातीच्या माणसानें पैसे बुडविले तर ते कमी बुडतात काय? निवडणुकीच्या दिवशीं कारखान्याच्या ट्रॅक्टरांत बसून जाणारे आणि वार्षिक सभेंत ताळेबंद न वाचतां हात वर करणारे आपणच असतों. ताळेबंद वाचतां येण्यासाठींच तर आपल्या वडीलधाऱ्यांनीं शाळा काढा, शाळा काढा म्हणून आयुष्यें घालविलीं. सभासदाचा मुलगा पदवीधर असतो, पण मळीचें उत्पन्न कोणत्या रकान्यांत आहे हें त्यास विचारलें तर तो मोबाइल काढतो.

तोडणीचा प्रश्न ह्यापासून निराळा करतां येत नाहीं. आमच्या धुळें-नंदुरबारकडचीं भिल्ल-पावरा कुटुंबें दिवाळीनंतर कोयता घेऊन सुरत-बारडोलीकडे जातात. चाळीसगांवाकडूनही टोळ्या निघतात. वर्गांतील मुलें पटावर राहतात, बाकावर दिसत नाहींत. जानेवारी २०२४ मध्यें महाराष्ट्रांतील तोडणीचा दर ३४ टक्क्यांनीं वाढला. तो वाढावयासच पाहिजे होता. परंतु ती वाढ कारखाना स्वतःच्या नफ्यांतून देत नाहीं. शेतकऱ्याच्या बिलांतून कापतो. म्हणून मजुराचें भलें झालें कीं शेतकऱ्याचें तोंड उतरतें. येथेंही तेंच: दोन गरिबांच्या मध्यें एक दोरी बांधून दिली आहे, एकानें ओढली कीं दुसऱ्यास कांचते. दक्षिण गुजराथेंत गणदेवी, बारडोली येथील सहकारी कारखाने तोडणीचा खर्च वगळून महाराष्ट्रापेक्षां पुष्कळ वरचढ भाव देत आले आहेत. ते पैसे तीन हप्त्यांत देतात हें खरें. परंतु सभासदास हप्त्याची तारीख ठाऊक असते व ती पाळली जाते. मजुरांस मात्र तेथेंही फार सुख आहे असें नाहीं. तरी ऊसवाल्यास इतका भाव देऊन कारखाना बुडत नाहीं, एवढें तर सिद्ध होतें, आणि नंदुरबारच्या शिवेपासून तें एका दिवसांत जाऊन पाहून येतां येतें.

तेव्हां आमचें म्हणणें असें. गरिबाच्या घरची साखर स्वस्त ठेवावयाची असेल तर सरकारनें ती रेशनच्या दुकानांतून, आपल्या खजिन्यांतून द्यावी. आज केवळ अंत्योदय कार्डास महिन्यास एक किलो साखर मिळते. बाकीच्या कसबी आणि मजूर घरांस रेशनवर साखर नाहीं. कार्ड असलेल्या प्रत्येक गरीब घरास दोन-तीन किलो द्या, त्याचा खर्च उघड अंदाजपत्रकांत दाखवा; बाटलीवाल्यास आणि बिस्किटवाल्यास बाजारभावानें घेऊं द्या. देशांत खरोखर टंचाई पडली आणि निर्यात किंवा इथेनॉल थांबविणें भाग झालें, तर थांबवा. परंतु त्या हुकुमानें कारखान्यास जो तोटा होईल तो भरून देतांना पैसा कारखान्याच्या खात्यांत न घालतां उसाच्या बिलापोटीं थेट शेतकऱ्याच्या खात्यांत घाला. आणि साखर विकली जाते त्याच दिवशीं उसाचा वांटा निराळ्या खात्यांत पडला पाहिजे, बँकेचें तारण त्याच्या मागून. ह्यास बँका ओरडतील. ओरडूं द्या; त्या साखरेवर कर्ज देतात, पण साखर ज्या उसाची केली तो ऊस अजून कोणीं विकतच घेतलेला नसतो.

उसास पाणी फार लागतें आणि रावेर-यावलच्या विहिरी वर्षास वर्ष खोल चालल्या आहेत, हेंही आम्हांस दिसतें. ऊस लावा असा उपदेश आम्ही कोणास करीत नाहीं. परंतु ज्यानें लावला आणि कारखान्यास घातला त्याचे पैसे चवदा दिवसांत मिळाले पाहिजेत, ह्यांत पाण्याचा कांहीं संबंध नाहीं. १ मे २०२५ च्या नव्या साखर नियंत्रण आदेशानें दिवसास पांचशें टनांवर गाळप करणाऱ्या खांडसऱ्याही सरकारी नियमाखालीं आल्या. खांडसरीस ऊस घालणाऱ्यांनीं ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी, आणि तिची दिवसाची गाळपशक्ति किती आहे हें विचारून घ्यावें.

हंगामांत करावयाचें काम फार नाहीं. प्रत्येक खेपेची वजनाची पावती, तारखेसह, जपून ठेवावी. शक्य असेल तेथें गाडी आधीं बाहेरच्या काट्यावर तोलून घ्यावी, काटामारीची शंका तेथल्या तेथें फिटते. ऊस गेल्याच्या पंधराव्या दिवशीं कारखान्याच्या कार्यकारी संचालकास लेखी मागणी द्यावी व तिच्यावर पोंच घ्यावी. आणखी पंधरा दिवसांत पैसे न आले तर साखर आयुक्त, पुणें, यांस अर्ज करावा. मागणींत मुद्दल आणि पंधरा टक्के व्याज हीं दोन्ही स्वतंत्र लिहावीं. आयुक्तांस कारखान्याची थकबाकी जमीन महसुलाच्या बाकीप्रमाणें वसूल करण्याचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवितां येतो. एकट्याचा अर्ज टेबलाखालीं जातो, म्हणून गांवांतील सर्व ऊसवाल्यांनीं एकाच दिवशीं करावे, आणि गांवांतील सुतार-लोहारांनीं त्यांवर साक्षीदार म्हणून सह्या कराव्या. बिल आलें तरच औत दुरुस्तीचे आणि फाळ शेवटण्याचे पैसे त्यांस मिळणार आहेत. ज्यांस मसुदा लिहितां येत नाहीं त्यांनीं संध्याकाळीं पांचनंतर, शाळा सुटल्यावर, पावत्या घेऊन यावें. आम्ही लिहून देऊं. कागद मात्र घरून आणावे. शाळेच्या वह्या मुलांसाठीं आहेत.